बॅगा उघडायच्या आधी फोटो काढा

भाड्याच्या नव्या घरात भांडी कोणी घासायची यावरून पहिल्याच आठवड्यात रूममेट्सशी वाजलं, असं तुम्ही लिहिलंय. ते मिटेल हो, पण भाडेकरार नीट वाचलात का? सगळ्यांच्या सह्या एकाच करारावर असतील, तर बऱ्याच देशांत एकजण मधेच सोडून गेला की त्याचं भाडं उरलेल्यांच्या गळ्यात पडतं.

आणि आजच भिंती, गादी, ओटा, मीटरचा आकडा, सगळ्याचे फोटो काढून घरमालकाला मेल करा. माझ्या खोलीत खिडकीखाली आधीपासूनच ओल होती, वीतभर रंगाचे पोपडे सुटलेले. फोटो नव्हता, म्हणून घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले. फार लागलं होतं मनाला.

भांड्यांचं मात्र ग्रुपवर लिहू नका, समोरासमोर बसून बोला.