लिलावातून आलेली मस्टँग घ्यावी का? पांढरकवड्याहून सल्ला हवा आहे

कापूसपट्टा, पांढरकवडा

नमस्कार. मी पांढरकवड्यापासून सहा किलोमीटरवरच्या गावात राहतो. घरची कापसाची शेती आहे आणि एका जिनिंगमध्ये भागीदारी आहे. फोर्डने २०१६ साली मस्टँग जीटी भारतात आणली, त्यानंतर काही महिन्यांनी नागपूरच्या वर्धा रोडवर मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला आणि तो आजही कानात आहे. तेव्हा दिल्लीत तिची शोरूममधली किंमत पासष्ट लाखांच्या घरात होती, म्हणून तो विचार मी मनातल्या मनात ठेवला. आता मुलीचे शिक्षण पूर्ण झाले आहे, डोक्यावर कर्ज नाही, आणि गेल्या काही हंगामांत बाजूला काढलेली रक्कम हाताशी आहे.

नागपुरातील एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे २०१७ ची लाल मस्टँग उभी आहे. नोंदणी कर्नाटकातली, मीटरवर बावीस हजार किलोमीटर. बाजारात दिसलेल्या दुसऱ्या दोन गाड्यांपेक्षा ती नऊ लाखांनी स्वस्त आहे. कारण विचारले तेव्हा विक्रेत्याने सांगितले की मूळ मालकाचे हप्ते थकले, वित्तसंस्थेने गाडी ओढून नेली आणि २०२३ च्या सुरुवातीला बंगळूरच्या लिलावात त्याने ती घेतली. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या दाखल्यावर, मात्र अजून मूळ मालकाचेच नाव आहे.

लिलावातली गाडी म्हणजे डोकेदुखी, असे घरचे म्हणतात. माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे असे की लिलाव हा केवळ विकण्याचा एक मार्ग आहे, त्यामुळे गाडी बिघडत नाही. ज्यांनी अशी गाडी घेतली आहे किंवा या कामात आयुष्य घालवले आहे, त्यांनी मला नेमके काय पाहावे ते सांगावे, ही विनंती.

निवृत्त सर्वेअर, वर्धा

भाऊ, मी सत्तावीस वर्षे वाहन विम्याच्या नुकसानीची पाहणी केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुमच्या धाकट्या भावाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. लिलाव हा शब्द एकच असला, तरी त्यातून येणाऱ्या गाड्या तीन वेगवेगळ्या घरच्या असतात आणि प्रत्येक घरची कुंडली निराळी असते.

पहिले घर बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे. हप्ते थकतात, गाडी यार्डात येते, बोली लागते. अशी गाडी धडधाकट असू शकते. तिचा दोष बहुधा उभे राहण्याचा असतो. दुसरे घर सरकारचे, म्हणजे कर वसुलीत किंवा गुन्ह्याच्या तपासात जप्त झालेल्या गाड्या. २०१९ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने नीरव मोदीच्या गाड्या ऑनलाइन लिलावात काढल्या होत्या, त्या याच प्रकारातल्या. सरकारी लिलावातल्या गाडीचे हस्तांतरण फॉर्म ३२ वर होते आणि त्यासोबत विक्री कायम झाल्याचा आदेश लागतो. तिसरे घर विमा कंपनीचे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांहून जास्त निघाला, तर ती पूर्ण नुकसानीत धरली जाते, मालकाला पैसे मिळतात आणि उरलेली गाडी साल्वेज म्हणून विकली जाते. आता खरी मेख इथे आहे. साल्वेजमध्ये घेतलेली गाडी उभी करून चकाचक केली, की ती बाजारात ‘बँकेची गाडी’ म्हणूनच सांगितली जाते, कारण बँकेचे नाव ऐकून माणूस निर्धास्त होतो.

तुमच्या पोस्टमधल्या दोन गोष्टींनी मी थबकलो. गाव बंगळूर, आणि लिलाव २०२३ च्या सुरुवातीचा. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या आउटर रिंग रोडच्या परिसरात पाणी भरले आणि श्रीमंत वसाहतींमधल्या कितीतरी महागड्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्या पुढच्या काही महिन्यांत यार्डांतून बाहेर पडल्या. तुमची गाडी त्यातलीच आहे असे मी म्हणत नाही. परंतु ती त्यातली नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाका.

हे कसे करायचे ते सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये चालू असलेली विमा पॉलिसी आणि तिच्या पुढची पॉलिसी, अशा दोन्ही मागा. त्यावर नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, टक्का छापलेला असतो: पहिल्या विनादावा वर्षाला २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नसतो, त्यामुळे तो तुम्हाला मिळणार नाही. पण मूळ मालकाच्या पॉलिसीवर ४५ टक्के असलेला बोनस पुढच्या वर्षी शून्यावर आला असेल, तर मध्ये दावा झाला असण्याची शक्यता धरा आणि पुढचा प्रश्न विचारा. पॉलिसी नव्वद दिवसांहून अधिक काळ खंडित राहिली तरी बोनस जातो, म्हणून तारखाही पाहा.

मग गाडीकडे वळा. गालिचा नवा घालता येतो, सीट धुता येते. सीट बेल्ट मात्र शेवटपर्यंत ओढून पाहणारे गिऱ्हाईक विरळा. बेल्ट पूर्ण बाहेर काढा आणि रिळाजवळचा शेवटचा हातभर भाग बोटांत धरून चोळा. पाण्यात बसलेल्या गाडीत तिथे बारीक गाळ अडकतो, हाताला पिठासारखा लागतो आणि पट्टीवर एक तपकिरी रेघ राहते. चारही बेल्ट पाहा, मागचे विसरू नका. बेल्टच्या बुडाशी शिवलेल्या चिठ्ठीवर तयार झाल्याची तारीख असते, ती गाडीच्या वर्षाशी जुळते का ते बघा. त्यानंतर सीटच्या रुळांचे बोल्ट आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगचे कनेक्टर टॉर्च लावून पाहा. तांब्यावर हिरवट बुरशी दिसली, तर पुढे बोलूच नका. एअरबॅगचे आणि इंजिनचे नियंत्रक अशा गाडीत आज चालतात, आणि सहा महिन्यांनी वणी रस्त्यावर रात्री बंद पडतात.

संत्राबाग, वरूड

मी चार वर्षांपूर्वी एका वित्तसंस्थेच्या लिलावातून परदेशी बनावटीची दोन दारांची टर्बो गाडी घेतली. अपघात नव्हता, पूर नव्हता, कागद खरे होते. तरीही पहिले वर्ष फार जड गेले. गाडी चौदा महिने उघड्या यार्डात उभी होती. एअर फिल्टरचा डबा उघडला, तेव्हा आत उंदरांनी सीटचा फोम कुरतडून घरटे केलेले होते आणि इंजिनवरून जाणारी वायरिंगची जुडी तीन ठिकाणी तांब्यापर्यंत खाल्लेली होती. टाकीतले जुने पेट्रोल न काढताच यार्डातल्या पोराने ती सुरू करून दाखवली, त्यात पेट्रोल पंप गेला. चारही टायर एका जागी भार घेऊन चपटे झाले होते, त्यामुळे ऐंशीच्या वर स्टीअरिंग थरथरत असे.

यापेक्षा जास्त त्रास किल्लीचा झाला. एकच किल्ली मिळाली. दुसरी मूळ मालकाकडे, आणि तो फोन उचलत नव्हता. नव्या किल्लीचे कोडिंग करण्यासाठी आरसी माझ्या नावावर हवी होती, आणि आरसी माझ्या नावावर व्हायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत गाडी माझ्या अंगणात होती, पण कायद्याने माझी नव्हती. लिलावाच्या अटींत ‘जशी आहे, जिथे आहे’ असे लिहिलेले असते. तक्रार करायला जागा नसते. तुम्ही विक्रेत्याकडून घेता आहात, तर दोन्ही किल्ल्या आणि तुमच्या नावाची आरसी हातात येईपर्यंत निम्मी रक्कम रोखून धरा.

वकील, यवतमाळ

दादा, आरसीवर अजून मूळ मालकाचे नाव आहे, हे तुम्ही सहज लिहून गेलात. माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर बाब तीच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५१(५) नुसार कर्जदाराने हप्ते थकवले आणि वित्तसंस्थेने गाडी ताब्यात घेतली, की वित्तसंस्थेला फॉर्म ३६ भरून स्वतःच्या नावाने नवी आरसी मागता येते. आरटीओ त्याआधी मूळ मालकाला म्हणणे मांडण्याची संधी देते. हा रस्ता सोडून कर्ज देतानाच कर्जदाराकडून सही करून घेतलेल्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे हस्तांतरणाच्या अर्जांवर, गाडी पुढे सरकवली जाते. पुढे मूळ मालकाने हरकत घेतली, तर तुम्ही मध्ये अडकता.

म्हणून वित्तसंस्थेने मूळ मालकाला दिलेली विक्रीपूर्व नोटीस, वित्तसंस्थेचे विक्रीपत्र, कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ आणि कर्नाटक आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, एवढे कागद मूळ प्रतीत पाहिल्याशिवाय विसार देऊ नका. वाहन पोर्टलवर गाडी ब्लॅकलिस्ट दाखवते का आणि चलान बाकी आहेत का, तेही तपासा. परराज्यातली गाडी असल्यामुळे महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागेल. तो गाडीच्या मूळ किमतीवर ठरतो आणि वयानुसार कमी होतो. तुम्ही ती लिलावाच्या भावात घेतली म्हणून कमी होत नाही. परदेशातून बांधून आलेल्या गाड्यांना दरही चढा आहे. नऊ लाखांच्या बचतीतून ही रक्कम आधी वजा करून पाहा.

गॅरेज, अमरावती

कागदांचे वरच्या मंडळींनी सांगितले, मी यंत्राचे थोडक्यात सांगतो. मस्टँगचे पाच लिटरचे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे, टर्बो नसलेले, हे आपल्या भागासाठी त्यातल्या त्यात सोयीचे इंजिन आहे. अमेरिकेत ते साध्या पेट्रोलवर चालते. तालुक्याच्या पंपावर जास्त ऑक्टेनचे पेट्रोल मिळाले तर तेच भरावे, पण एखाद्या वेळी नाही मिळाले म्हणून अडून बसत नाही. जास्त दाबाच्या टर्बो गाड्यांना साध्या पेट्रोलवर नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक, टाळण्यासाठी ठिणगीची वेळ मागे घ्यावी लागते आणि ताकद जाते. हेच इंजिन फोर्डच्या पिकअपमध्येही येत असल्यामुळे त्याचे भाग परदेशातून मागवता येतात. उजव्या हाताच्या स्टीअरिंगचे भाग मिळायला मात्र वेळ लागतो.

इंजिनात पाणी शिरलेले असताना कोणी स्टार्टर मारला असेल, तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गाडी तरीही सुरू होते. आठही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. एखादा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी आला, तर नाही म्हणा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत तापलेल्या समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर १२० ने जायचे असेल, तर सात-आठ वर्षांचे टायर, नक्षी कितीही शाबूत असली तरी, बदलावेच लागतील. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असल्यामुळे आलटून पालटून लावता येत नाहीत. गाडीचे पोट आणि रस्ता यांतले अंतर १३७ मिलिमीटर आहे. तुमच्या सहा किलोमीटरमध्ये गतिरोधक किती उंच आहेत ते आधी टेपने मोजून या.

कापूसपट्टा, पांढरकवडा

सर्वांचे मनापासून आभार. काल भावाला घेऊन नागपूरला जाऊन आलो आणि सर्वेअर साहेबांनी सांगितल्याप्रमाणे बेल्टपासून सुरुवात केली. पुढचे दोन्ही बेल्ट नवेकोरे होते, चिठ्ठीवर २०२२. मागच्या दोन्हींवर २०१७. मागचा डावा बेल्ट पूर्ण ओढला, तेव्हा शेवटच्या वितीवर आडवी तपकिरी रेघ होती आणि बोटांना माती लागली. विक्रेत्याला ऑगस्ट २०२२ ची पॉलिसी मागितली, तर तो म्हणाला की बँकेच्या गाडीसोबत असले कागद येत नाहीत. विक्रीपूर्व नोटीसही त्याच्याकडे नव्हती.

निवृत्त सर्वेअर, वर्धा

पुढचे बेल्ट बदलण्याचे दुसरे कारण धडक हेही असू शकते, कारण धडकेत बेल्ट आवळणारे यंत्र एकदा सुटले की बेल्ट बदलावाच लागतो. परंतु मागच्या बेल्टवर गाळाची रेघ धडकेने येत नाही. विसार दिला नाहीत ना?

कापूसपट्टा, पांढरकवडा

नाही दिला. परतताना जामच्या चौकात चहाला थांबलो, तेव्हा भाऊच म्हणाला की ही गाडी सोडून द्या. पुण्यात एकाच मालकाची २०१८ मध्ये घेतलेली मस्टँग आहे, आरसी आणि सर्व पॉलिसी मालकाच्या नावावर, दोन्ही किल्ल्या घरात. भाव नऊ लाखांनी जास्त आहे, म्हणून कापसाचे पैसे येईपर्यंत थांबावे लागेल. त्या मालकाने कॉम्प्रेशन मोजू द्यायला होकार दिला आहे. अमरावतीच्या गॅरेजवाल्या भाऊंना माझी विनंती आहे की त्यांनी सोबत यावे. येण्याजाण्याचा आणि दिवसाच्या कामाचा खर्च माझ्याकडे. गावाच्या रस्त्यावर पाच गतिरोधक आहेत. शाळेसमोरचा सर्वांत उंच आहे, त्याची उंची आज सकाळी मोजली, ती अकरा सेंटिमीटर भरली.