पांडाची मादी गाभण आहे की नाही, हे आधी का कळत नाही?

प्रश्न – विद्यार्थी, खानापूर

सर्वांना नमस्कार. मी बेळगावात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असून प्राणिशास्त्र हा माझा विषय आहे. महाकाय पांडाच्या प्रजननावर मला वर्गात सेमिनार द्यायचा आहे आणि दोन गोष्टींपाशी मी अडलो आहे. एक म्हणजे, त्याचा गर्भकाळ कुठे तीन महिन्यांच्या आसपास, तर कुठे पाच महिन्यांहून जास्त दिलेला आढळतो. एकाच प्राण्यात एवढी तफावत कशी? दुसरे असे की, मोठमोठ्या प्राणिसंग्रहालयांतले तज्ज्ञसुद्धा मादी गाभण असल्याचे अगदी शेवटपर्यंत ठामपणे सांगत नाहीत. आमच्या गावात येणारे डॉक्टर म्हशीला हात घालून दोन-तीन महिन्यांत सांगून मोकळे होतात. मग सगळी साधने हाताशी असताना तिथे अडते कुठे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – निवृत्त शिक्षक, निपाणी

तफावतीचे कारण लांबणीवर पडणाऱ्या गर्भरोपणात आहे. पांडात फलित अंड्याचा ब्लास्टोसिस्ट (पेशींचा सूक्ष्म पोकळ गोळा) झाला की त्याची वाढ जवळजवळ थांबते आणि तो गर्भाशयात तसाच तरंगत राहतो. गर्भाशयाच्या भिंतीत तो रुजतो ते काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी, आणि त्यानंतरची खरी वाढ मात्र जेमतेम महिना-दीड महिन्यात उरकते. म्हणजे समागमापासून दिवस मोजले तर आकडा दर वेळी वेगळा येणारच. ही सोय अमेरिकेतील काळ्या अस्वलात आणि ध्रुवीय अस्वलातही आहे, आणि पांडा अस्वलांच्याच कुळातला असल्याने त्यात नवल वाटायला नको.

नवजात पिल्लू सुमारे शंभर ग्रॅमचे, म्हणजे आईच्या वजनाच्या साधारण नऊशेवा भाग असते. ते इतके लहान असण्याचे खापर अनेक जण याच उशिरा होणाऱ्या रोपणावर फोडतात, पण ते मला पटत नाही, कारण रोपण इतर अस्वलांतही लांबते. ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली नवजात पिल्लांच्या सांगाड्यांची तुलना केली, तेव्हा इतर अस्वलांच्या पिल्लांची हाडे जन्मतः बरीच पक्व आढळली, तर पांडाच्या पिल्लाची हाडे माणसाच्या अठ्ठावीस आठवड्यांच्या गर्भाइतकीच तयार होती. पांडात रोपणानंतरचा काळच तोकडा आहे. तो तसा का झाला, हा प्रश्न सेमिनारमध्ये मोकळाच ठेवावा.

उत्तर – पशुवैद्य, चिकोडी

सरांनी गर्भाचे सांगितले, मी तपासणीचे सांगतो. गाय-म्हैस गाभण राहिली नाही तर एकवीस दिवसांच्या आसपास पुन्हा माजावर येते आणि तिचे प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारे हार्मोन, खाली उतरते, त्यामुळे निदान सोपे जाते. पांडाची मादी वर्षातून एकदाच, बहुधा वसंतात, माजावर येते आणि गर्भ राहण्याजोगा काळ एक ते तीन दिवसांचाच असतो. एकदा अंडे सुटले की गर्भ असो वा नसो, प्रोजेस्टेरॉन तसेच वाढते, तसेच टिकते आणि तसेच उतरते. मादी खाणे कमी करते, जास्त वेळ झोपते, बांबू गोळा करून बसायला जागा करते. हे सगळे खोट्या गाभणपणातही घडते.

त्यात म्हशीसारखे हात घालून तपासणे अशक्यच. कर्मचारी पिंजऱ्याच्या फरशीवर सांडलेले मूत्र सिरिंजने ओढून घेतात आणि हार्मोन त्यातच मोजतात. माजाची वेळही इस्ट्रोजेन चढून कधी उतरले यावरूनच ठरवतात. सोनोग्राफीसाठी मादीला खाऊ देऊन पडून राहायला शिकवलेले असते, पण दिवस भरत आले की ती गुहेबाहेर यायलाच तयार होत नाही. बाहेर आली तरी गर्भ इतका लहान असतो की तो शेवटच्या दोन-तीन आठवड्यांतच दिसू शकतो, आणि दिसलेला गर्भही कधी कधी शरीरात विरघळून जातो. मेंफिस प्राणिसंग्रहालयाच्या संशोधकांनी २०११ मध्ये मूत्रातील सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन खऱ्या गाभणपणात लवकर वाढते, असे दाखवले. ही वाट मला सर्वांत आशादायक वाटते.

उत्तर – वाचक, शहापूर

एक पुरवणी. पांडाला प्रजननातच रस नसतो, हे पालुपद सेमिनारमध्ये कृपया आणू नका. बंदिवासातील पहिले पिल्लू १९६३ साली बीजिंगमध्ये जन्मले आणि कृत्रिम रेतनाचे पहिले १९७८ साली, तेही तिथेच. त्यानंतर बराच काळ जोड्या माणसांनीच लावल्या, आणि अपयश मात्र प्राण्याच्या नावावर जमा झाले. सिचुआनमधील बिफेंग्शिया केंद्रात केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नर आणि मादी या दोघांनाही एकमेकांविषयी ओढ होती, तिथे समागम आणि पिल्ले होण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त दिसले. जंगलात मादी साधारण दोन वर्षांतून एक पिल्लू वाढवते, आणि तिच्या आयुर्मानाला ते पुरेसे आहे.

विद्यार्थी, खानापूर

सर, डॉक्टरसाहेब, सर्वांचा मनापासून आभारी आहे. एक शंका राहिली. जुळी होण्याचे प्रमाण मोठे असूनही आई एकच पिल्लू का सांभाळते?

पशुवैद्य, चिकोडी

बंदिवासात जवळपास निम्म्या वेळा जुळी होतात. पिल्लू आंधळे, जवळजवळ केसहीन असते; आईने चाटल्याशिवाय त्याला शीसुद्धा करता येत नाही, आणि पहिले काही दिवस आई खाणे सोडून त्याला धरून बसते. बांबूवर जगणाऱ्या प्राण्याकडे दोघांपुरते दूध आणि ताकद नसते, म्हणून जंगलात दुसरे पिल्लू बहुधा मरते. चीनमधील केंद्रांत एक पिल्लू इनक्युबेटरमध्ये ठेवून दोघांची आलटून पालटून अदलाबदल करतात, त्यामुळे दोघांनाही आईचे दूध मिळते. सेमिनारमध्ये गर्भकाळाचा तक्ता करणार असाल, तर समागम ते जन्म आणि रोपण ते जन्म असे दोन वेगळे रकाने करा.