लहान घरात बाबागाडी: घेण्याआधी काय मोजाल, काय तपासाल?

घर वन आरके नाहीतर वन बीएचके, लिफ्ट असलीच तर छोटी, आणि बाळ येऊ घातलंय. दुकानात गाडी उघडून, टप ताणून, खेळणी लटकवून ठेवलेली असते. घरात मात्र ती दिवसाचे बावीस-तेवीस तास मिटलेली असते, आणि ती मिटलेली गाडीच आपल्याला सांभाळायची असते. ज्यांनी गाड्या वापरल्यात, विकल्यात, दुरुस्त केल्यात त्यांनी नेमकं लिहा: मापं, वजन, चाकं, काय बिघडतं आणि का. ‘आमची मस्त आहे’ एवढंच नको. आलेली उत्तरं खाली, लिहिणाऱ्याच्या गावाच्या नावाखाली.

डोंबिवली, चौथा मजला, छोटी लिफ्ट

आधी घरात टेप फिरवा. दाराची चौकट मोजून उपयोग नाही, दार उघडल्यावर उरणारी जागा मोजा. तीन फुटी दार पूर्ण मागे जात नसेल, बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर असेल आणि शेजारी चपलांचं कपाट, तर चार इंच कुठे गेले कळतही नाही. एकेरी गाड्या साधारण ४५ ते ६० सेंमी रुंद असतात. दारातून त्या जातात, अडतात वळणावर.

घरात दोन बाय दोनच्या फरश्या असतील तर काम सोपं. एक फरशी म्हणजे ६० सेंमी. गाडीच्या उघड्या लांबी-रुंदीचा पुठ्ठा कापा आणि तो जमिनीवरून सरकवत दारातून आत आणा, पॅसेजमध्ये वळवा, पलंग आणि कपाटाच्या मधून काढा. पुठ्ठा घासला तर गाडी घासणारच. मागे ढकलणाऱ्या माणसाची दीड-दोन फूट जागा धरायला विसरू नका.

लिफ्टमधली पाटी वाचा. ‘४ माणसे, २७२ किलो’ असेल तर अशा लिफ्टची खोली साधारण ७० सेंमी, रुंदी ११० आणि दार ७०. उघडी गाडी ८० ते १०० सेंमी लांब, म्हणजे सरळ ती मावत नाही आणि ७० च्या दारातून आडवी वळत नाही. तिथे येता-जाता दर वेळी घडी. ‘६ माणसे, ४०८ किलो’वाली लिफ्ट आत साधारण १०० सेंमी खोल असते. छोटी गाडी जाते, पण तुम्हाला अंग चोरून बाजूला उभं राहावं लागतं. ‘८ माणसे, ५४४ किलो’ असेल तर निम्मी काळजी मिटली. जुन्या जाळीच्या दाराची लिफ्ट असेल तर दुमडलेली जाळी एका बाजूची जागा खाते. जाळी पूर्ण सरकवून मग मोजा.

मुलुंड, वन बीएचके

घडीचे तीन प्रकार धरून चाला.

छत्रीसारखी मिटणारी: लांब काठीसारखी होते, १०० ते ११० सेंमी उंच, जाडी फूटभर. दारामागच्या कोपऱ्यात राहते, पण बरेचदा स्वतःच्या पायावर उभी राहत नाही, घसरून पडते. भिंतीला मजबूत हुक मारून टांगली की प्रश्न मिटतो. (ही घडी १९६५ साली ज्या इंग्रज इंजिनिअरने काढली त्याने आधी स्पिटफायर विमानाच्या मिटणाऱ्या चाकांवर काम केलं होतं. जागेची किंमत कळणारा माणूस!)

पुस्तकासारखी मिटणारी: चालवायला सगळ्यात सुखाची, ठेवायला सगळ्यात वाईट. मिटूनही ७५-८० बाय ५५-६० सेंमी, वर फूटभर जाडी. वन आरकेत ती म्हणजे आणखी एक टीपॉय.

तिहेरी घडी, ज्याला दुकानदार ‘केबिन साइज’ म्हणतात: साधारण ५५ बाय ४५ सेंमी, जाडी २२ ते २५. दिवाणाखाली घालायचा बेत असेल तर खालची मोकळी उंची मोजा आणि त्यातून दोन सेंमी वजा करा, कारण छापील मापात चाकांचा फुगवटा आणि टपाची कड कधी कधी धरलेली नसते. रोजच्या वापराची गाडी माळ्यावर जाणार असेल तर ती गाडी वापरली जाणार नाही, एवढं लिहून ठेवा.

मिटल्यावर गाडी कशावर टेकते तेही बघा. काहींचं हँडलच जमिनीला टेकतं, आणि जिथे हात धरायचा तिथे जिन्यातली धूळ लागते.

त्याच मुद्द्यावर, ठाणे

‘बाहेर पॅसेजमध्ये ठेवू’ हा हिशोब धरून मोठी गाडी घेऊ नका. जिना आणि सामाईक पॅसेज आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट असते, ती मोकळीच असायला हवी. सोसायटीची नोटीस आली तर तक्रारीला जागा नाही.

गिरगाव, तिसरा मजला, लिफ्ट नाही

इथे पहिला आणि शेवटचा निकष वजन. सहा-सात महिन्यांचं बाळ सात-आठ किलोचं होतं. त्यावर पिशवी दोन किलो. हातात उरतं ते एका हाताचं बळ. सहा-साडेसहा किलोची गाडी लाकडी जिन्यावरून एका हाताने नेता येते, दहा किलोची नाही. दोन फेऱ्या करायच्या म्हणजे बाळ किंवा गाडी, दोहोंपैकी एक खाली एकटं राहणार, आणि ते काय असेल हे सांगायला नको. म्हणून बाळ अंगावर झोळीत किंवा कॅरिअरमध्ये, गाडी मिटून खांद्याच्या पट्ट्यावर, दुसरा हात कठड्याला.

बाळ आत ठेवून, दोघांनी दोन बाजूंनी गाडी उचलून जिना उतरणं ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. करू नका. पुढचा माणूस हमखास समोरचा आडवा दांडा धरतो. तो दांडा बऱ्याच गाड्यांत फक्त खटक्यावर बसवलेला असतो, वजन पेलायला नसतो. खटका सुटला की गाडी पुढे कलते. तोच दांडा पट्ट्यांची जागाही घेत नाही. त्याखालून बाळ सरकतं.

चिंचवड, चाकं आणि सांगाडे दुरुस्त करणाऱ्याकडून

लोक कापडाचा रंग बघतात, मी आधी गाडी उलटी करतो.

चाकाचा व्यास बघा. हलक्या गाड्यांची पुढची चाकं १२ ते १५ सेंमीची असतात. मॉलच्या फरशीवर ती लोण्यासारखी चालतात, आपल्या फूटपाथवरच्या खचलेल्या पेव्हर ब्लॉकवर अडखळतात. अडखळलं की हँडलचा जोर पुढे जातो आणि मागची चाकं उचलली जातात. १८ सेंमीच्या पुढचं चाक हे धक्के पचवतं, पण घडी जाड होते. दोन्ही एकत्र मिळत नाही. ज्यांचं फिरणं सोसायटीच्या आवारात आणि मेट्रो स्टेशनपर्यंत आहे त्यांनी छोटं चाक घ्यावं आणि खड्ड्यापाशी गाडी फिरवून मागची चाकं आधी न्यावीत. फूटपाथही तसाच चढवायचा, पाठमोरं ओढत.

चाकाचा माल: कडक प्लास्टिक खडखडतं आणि टाइलवर घसरतं. फोमचं (ईव्हीए) हलकं असतं पण झिजतं, आणि उन्हात महिनोन्‌महिने एकाच जागी उभं ठेवलं तर एका बाजूला चपटं होतं. पीयूचं (पॉलीयुरेथेनचं) जरा जड, जास्त टिकाऊ. हवेचं चाक लहान घरासाठी विसरा.

पुढे जोडचाकं असली तर त्यांच्या फटीत खडी अडकते. एकेरी चाक गटाराच्या जाळीत फसतं. जाळीच्या पट्ट्यांना तिरकं जा, समांतर कधीच नाही.

दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या गाड्यांत मोडलेलं काहीच नसतं. आसाभोवती केस आणि दोरा गुंडाळलेला असतो. लहान घरात गाडी घरभर फिरते, बायकांचे लांब केस, पायपुसण्याचे धागे, सगळं चाक गोळा करतं. चाकाच्या बुंध्याशी बटण किंवा क्लिप असते. ती दाबून चाक बाहेर काढा, चिमट्याने गुंता ओढा, आस कोरड्या फडक्याने पुसा, सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा. खोबरेल तेल घालू नका. धूळ बसून त्याचा चिखल होतो, मग चाक चुंई-चुंई वाजतं आणि लोक आणखी तेल घालतात. ज्या गाडीची चाकं निघतच नाहीत, रिबिटने ठोकलेली असतात, ती घेऊ नका.

पुढचं चाक थरथरत असेल तर फिरत्या खुंटीत ढिलाई आहे, किंवा हँडलला पिशव्या टांगून मागे भार वाढवलाय. पिशवी खालच्या जाळीत ठेवा. हँडलला भाजी टांगलेली असताना सीटवरून बाळ उचललं की गाडी उताणी पडते, हे भौतिकशास्त्र आहे, कंपनीचा दोष नाही.

कोथरूड

बाळ आपल्याकडे बघेल म्हणून उलटं होणारं हँडल मागितलं जातं. एक गोष्ट कुणी सांगत नाही: हँडल पलटलं की फिरणारी चाकं मागे येतात आणि ठाम चाकं पुढे. अरुंद पॅसेजमध्ये मग वळण घेता येत नाही, मागचा भाग बाजूला ढकलावा लागतो. चारही चाकं फिरणारी आणि लॉक होणारी असतील तरच ही सोय कामाची. सीट उलटी होणारी गाडी चालायला चांगली, पण बऱ्याच मॉडेलमध्ये घडी घालताना सीट वेगळी काढावी लागते, म्हणजे ठेवायला दोन वस्तू.

नाशिक

नवजात बाळासाठी पाठ पूर्ण आडवी व्हायला हवी. मान धरत नाही तोवर अर्धवट बसवलं की हनुवटी छातीवर येते आणि श्वासाची वाट दबते. तिहेरी घडीच्या बऱ्याच गाड्या सहा महिन्यांनंतरच्या असतात, छापील वय वाचा. माझं मत: लिफ्ट नसेल आणि घर तीनशे फुटांचं असेल तर पहिले पाच-सहा महिने गाडी घेऊच नका. तेव्हा कापडी झोळी पुरते. आधाराविना बसू लागल्यावर हलकी गाडी घेतली तर एकच गाडी तीन वर्षं चालते. वेगळा कॅरीकॉट (बाळाला आडवं झोपवायची, गाडीवर बसणारी सुटी टोपली) घरात कुठे ठेवणार?

मुलुंडहून पुन्हा

हे सगळ्यांना लागू नाही. रोज संध्याकाळी खाली उतरायचं असेल, लिफ्ट असेल, तर आडवी होणारी गाडी पहिल्या महिन्यापासून उपयोगी पडते. कॅरीकॉट नको, हे मान्य.

नागपूर

काळं कापड आणि धातूचं बकल एप्रिल-मे महिन्यांत विसरा. बाळ ठेवण्याआधी बकल आपल्या मनगटाला लावून बघा. ऊन लागतं म्हणून टपावरून ओढणी सोडायची नाही: आतली हवा कोंडते आणि पातळ कापडाखालीही बघता बघता तापते. टप खोल हवा, पाठीला जाळीची खिडकी हवी.

रत्नागिरी

जून ते सप्टेंबर ओली गाडी मिटून कोपऱ्यात ठेवली की आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके. सीटचं कापड पूर्ण निघतं का, हे घेतानाच बघा. काहींत पुठ्ठ्याचा आधार आत शिवलेला असतो, तो धुता येत नाही. पावसाचं कव्हर गाडीबरोबर मिळतं का विचारा आणि त्याला बाजूला हवेची भोकं आहेत का बघा. पाऊस थांबला की कव्हर लगेच काढायचं.

ब्रेक, कुठल्याही गावात

आपण चपला घालून फिरतो. वर उचलून सोडवायचा ब्रेक उघड्या अंगठ्यावर बसतो. खाली दाबून लागणारा आणि पुन्हा दाबूनच सुटणारा ब्रेक बघा, तोही एकाच पॅडलने दोन्ही चाकं धरणारा.

लंडन, जुन्या घराचा दुसरा मजला

बसमध्ये व्हीलचेअरच्या जागेवर पहिला हक्क व्हीलचेअरचा. ती व्यक्ती चढली तर गाडी मिटावी लागते, तीही गर्दीत, बाळ कडेवर घेऊन. म्हणून एका हाताने मिटते म्हणजे खरंच एका हाताने मिटते का, हे दुकानात करून बघा. काही गाड्यांना एक हात आणि एक पाय लागतो. खालचा सामाईक बोळ आगीच्या नियमांमुळे इथेही मोकळा ठेवावा लागतो. गाडीवर ‘ईएन १८८८’ हा युरोपीय मानकाचा छाप शोधा: पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी, दुसरा २२ किलोपर्यंत. भारतात येणाऱ्या आयात गाड्यांवरही तो बरेचदा असतो.

पुणे, जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

जुनी घ्यायला हरकत नाही, फक्त उघडून-मिटून दहा वेळा बघा. उघडल्यावर दुसरा खटका (सुरक्षेचा) आपोआप बसतो का? बसत नसेल तर सोडा, गाडी चालताना मिटू शकते. सांध्यांवर कापडी आवरण हवं. २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे दहा लाख छत्रीगाड्यांसाठी असं आवरण द्यावं लागलं, कारण मुलांच्या बोटांची टोकं उघड्या बिजागरीत सापडून तुटली होती. पट्टे पाच टोकांचे हवेत: दोन खांदे, दोन कंबर, एक मांड्यांमधला. शिवण उसवलेली असेल तर घरी दोरा घालून चालवू नका. गाडीबरोबर बाळाला कारमध्ये बसवायची सीट मिळत असेल आणि तिला अपघाताचा मार बसलाय की नाही हे माहीत नसेल, तर फुकटही घेऊ नका.

दादर, दुकानाच्या काउंटरमागून

पाच किलो तांदळाच्या दोन पिशव्या घेऊन या, कुणी हसणार नाही. रिकामी गाडी सगळ्यांचीच छान चालते. पिशव्या सीटवर ठेवा, पट्टे लावा, मग एका हाताने सरळ ढकला. गाडी एका बाजूला ओढत असेल तर सांगाडा तिरका आहे, दुसरा नग मागा. ब्रेक लावून उतारावर उभी करा, दुकानाचा रॅम्प चालतो. हँडल हलवून बघा, सांध्यात टकटक होते का. घरात सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटका जो गाडी ढकलणार आहे, दोघांनी हँडल धरून चालून बघा. उंच माणसाचा पाय मागच्या आसाला लागतो. आजी-आजोबाच रोज खाली नेणार असतील तर घडी त्यांच्याकडून घालून घ्या, मदत न करता. ती त्यांना जमली नाही तर गाडी कितीही भारी असो, दुसरी बघा.

आणि खोका पहिला आठवडाभर फाडू नका. घरच्या लिफ्टमध्ये गाडी गेली नाही तर बदलून देताना आम्ही खोका आणि बिल, दोन्ही मागतो.