'डेटा हार्वेस्टिंग'ला मराठीत काय म्हणावं? ('संकलन' पटत नाही)

महालकरीण
मंडळी, एका शब्दावर अडले आहे. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या वाचनालयाच्या ज्येष्ठ सभासदांसाठी एक पानी पत्रक मराठीत करते आहे. निवडणुकीच्या तोंडावर समाजमाध्यमांवर जी पक्षधार्जिणी पेजेस उगवतात, त्यांच्यापासून सावध कसं राहायचं, हा विषय. मूळ इंग्रजी मजकुरातल्या 'डेटा हार्वेस्टिंग'साठी मी 'विदासंकलन' ('विदा' म्हणजे डेटा) लिहिलं. खर्डा वाचून एक काका म्हणाले, "रक्तसंकलन, निधिसंकलन, तसंच ना हे? मग यात वाईट काय?"

त्यांचा प्रश्न रास्त आहे. 'संकलन' फार सोज्ज्वळ शब्द आहे. पण 'चोरी'ही बसत नाही. ही पेजेस आधी मारबतीच्या मिरवणुकीचे फोटो टाकतात, तर्रीपोहे कुठे चांगले मिळतात ते सांगतात, जुन्या सीताबर्डीच्या आठवणी काढतात. लोक जमले की एक दिवस "योजनेच्या यादीत तुमचं नाव आहे का, तपासा" अशी लिंक येते. नाव, वय, मोबाइल, मतदार ओळखपत्राचा क्रमांक, बूथ. शेजारच्या काकूंनी हे सगळं स्वतःच्या हाताने भरलं. कोणी हिसकावलं नाही, पण त्यांना विचारून घेतलं असंही नाही. या मधल्या गोष्टीला शब्द हवा आहे.

कन्हानकाठ
उपसा. माहितीचा उपसा, मतदारांच्या माहितीचा अवैध उपसा. आमच्याकडे रेतीघाटांमुळे हा शब्द शाळकरी पोराला कळतो. ट्रक भरून कोण नेतो, कुठे नेतो, कोणाला विकतो, हे सगळं त्या एका शब्दात येते.

मोडीवाचक
उपसा छान आहे, पण 'विदा' सोडू नका. 'विद्' म्हणजे जाणणे, त्यावरून आलेला सुटसुटीत शब्द आहे. नवा शब्द कानाला खटकतो म्हणून टाकून द्यायचा, ही सवय आपल्याला महाग पडली आहे. डॉ. रघुवीरांनी संस्कृत धातूंवरून हजारो पारिभाषिक शब्द घडवले, त्यातलं बरंच काम याच नागपुरात झालं. तेव्हाही लोक हसले होते. 'महापौर' हा शब्दही सावरकरांनी घडवलेलाच. आज तो कोणाला जड वाटतो?

वऱ्हाडधन
मोडीवाचक, महापौर रोज पेपरात येते म्हणून रुळला. विदा कोण बोलते? अन् 'डेटा' लिहा असंही मी म्हणत नाही. माही आई 'डेटा संपला' म्हणते तेव्हा तिचा रिचार्ज संपलेला असते. "तुमचा डेटा चोरला" असं पत्रकात लिहिलं तर ती म्हणेल, कोणीतरी माह्या फोनवर व्हिडिओ पाहून राहिलं. साधं 'माहिती' लिहा ना. शब्द शुद्ध आहे का, यापेक्षा काकूले कळला का, ते पाहा.

झाडीपट्टीतला
हार्वेस्टिंग शब्दशः घ्यायचं तर सोंगणी, कापणी, वेचणी. त्यातली वेचणी मला जवळची वाटते, कारण कापूस बोंडाबोंडाने वेचतात, तसं माणसामाणसाकडून हे घेतलं जातं. आमच्याकडे धान कापल्यावर पडलेल्या लोंब्या वेचतात, त्याला सरवा म्हणतात. माहितीचा सरवा कसा वाटतो?

महालकरीण
सरवा सुंदर शब्द आहे, पण तो इथे वापरायला माझं मन घेत नाही. सरवा ज्याला शेत नाही त्याने वेचायचा असतो आणि शेताचा धनी ते चालू देतो. भूमिहीन बाईच्या पोटापाण्याचा शब्द या धंद्याला लावणं तिच्यावर अन्याय होईल. वेचणीतही मजुरी आहे, घाम आहे.

बर्डीवाला
मी उपशाच्या बाजूने. "स्वतःच्या हाताने भरलं" एवढ्यावर थांबू नका, ताई. एका अ‍ॅपमधून फेसबुकवरच्या लोकांची माहिती मिळवून ती राजकीय प्रचारासाठी वापरणाऱ्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका या कंपनीचं प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आलं, तेव्हा फेसबुकनेच दिलेले आकडे आठवा. व्यक्तिमत्त्व चाचणीचं ते अ‍ॅप भारतात ३३५ जणांनी घेतलं होतं. झळ पोचली असण्याची शक्यता ५,६२,४५५ जणांना. जगभरात हा आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत. म्हणजे बहुतेकांनी काहीच भरलं नव्हतं, त्यांच्या मित्रयादीतल्या कोणीतरी भरलं होतं. एका विहिरीवर मोठा पंप बसला की शेजारच्या विहिरींचं पाणी खाली जातं, तसं. संकलन, वेचणी, चोरी, यातला एकही शब्द हे शेजाऱ्याचं नुकसान दाखवत नाही.

आणि पत्रकात एक भर घाला. २ मे २०२४ रोजी निवडणूक आयोगाने सर्व पक्षांना बजावलं होतं की सर्वेक्षणाच्या नावाखाली निवडणुकीनंतरच्या लाभासाठी मतदारांची नोंदणी करू नका. मिस्ड कॉल द्या म्हणणाऱ्या जाहिराती, हमीपत्रांना जोडलेले अर्ज, नाव-पत्ता-बूथ विचारणारी संकेतस्थळं आणि अ‍ॅप्स, सगळं त्यात मोजलेलं आहे. लाच देण्याबद्दलच्या कलमाचा, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३(१) चा, हवाला दिला होता. काकूंना सांगा, ती लिंक म्हणजे निव्वळ खोडी नव्हे.

कन्हानकाठ
हे पक्कं. उपसाच लिहा.

मोडीवाचक
उपशाला एक आक्षेप नोंदवतो. उपसा सिंचन, गाळाचा उपसा ही चांगलीच कामं आहेत. 'अवैध' जोडल्याशिवाय दोष दिसत नाही. मग 'संकलन'लाही 'अवैध' जोडता आलं असतं. दुसरं, पत्रकातल्या 'दिशाभूल करणारा मजकूर' या शब्दांबद्दल कोणीच बोललेलं नाही. त्याऐवजी सरळ 'खोटा' का लिहू नये?

महालकरीण
कारण तो दर वेळी खोटा नसतो. दुसऱ्या राज्यातल्या जुन्या लाठीमाराचा व्हिडिओ खरा असतो, त्याखाली "काल नागपुरात" लिहिलेलं खोटं असतं. धर्मराजाचं "नरो वा कुंजरो वा" असंच होतं. 'खोटा' लिहिलं तर लोक व्हिडिओ पाहून म्हणतात, हे तर खरं दिसतं आहे, आणि पुढे पाठवतात. 'दिशाभूल' राहू द्या.

वऱ्हाडधन
आमच्याकडे याले फोकनाड म्हणतात. 'अफवा' काऊन नाही चालत?

मोडीवाचक
अफवा अरबीतून आला आहे. तिथे 'अफवाह' म्हणजे तोंडं, मुखाचं अनेकवचन. तोंडातोंडी पसरते ती अफवा. तिला धनी नसतो. इथे धनी आहे, पैसा आहे, वेळापत्रक आहे. १ एप्रिल २०१९ रोजी फेसबुकने काँग्रेसच्या आयटी सेलशी संबंधित व्यक्तींची ६८७ पेजेस आणि खाती काढली. त्याच दिवशी भाजपच्या बाजूने मजकूर टाकणारी, सिल्व्हर टच या कंपनीशी जोडलेली १५ पेजेस, ग्रुप आणि खातीही काढली. कारण मजकुराचं नव्हतं, वागण्याचं होतं: खरे चालक कोण ते लपवून, ठरवून एकत्र चालणं. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, संगनमत. अफवेला संगनमत लागत नाही.

झाडीपट्टीतला
मग 'वावडी' घ्या. वावडी म्हणजे पतंग. दोर कोणाच्या तरी हातात असतो, आपल्याला फक्त वरचा कागद दिसतो.

बर्डीवाला
वा! "वावड्या उडवणारी पेजेस". महालकरीण, शीर्षकाला घ्या.

कन्हानकाठ
वावड्या उठवतात, उडवत नाहीत. पेपरात 'उठवल्या' असंच वाचत आलो आहे.

झाडीपट्टीतला
पतंग उठवतात का कधी? 'आवई उठवणे' याच्याशी गल्लत होऊन ते 'उठवणे' इकडे चिकटलं असावं. मूळ 'उडवणे'च असणार.

महालकरीण
पत्रक शुक्रवारी छपाईला जातं आहे. "तुमच्या माहितीचा उपसा" असं शीर्षकात आणि आत एकदा "न विचारता उपसून नेलेली माहिती" असं लिहिते आहे. कोणाला अजून काही सुचलं तर उद्या रात्रीपर्यंत सांगा.

कन्हानकाठ
झाडीपट्टीतले, आवई आणि वावडी दोन्ही 'उठतात'च. एखाद्या जुन्या छापील मजकुरात 'वावडी उडवली' सापडलं असेल तर इथे टाका, तोवर मी मानणार नाही.