एसलिंगेनला आत्ता कुठे घर लागलंय आणि नवऱ्याला उल्मची ऑफर आलीय, काय करावं?

नेकारकाठ:
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागणार.

आम्ही दोघं पुण्याहून जर्मनीत स्टुटगार्टजवळ आलोय. नवरा ब्लू कार्डवर (पदवीधर नोकरदारांचा इथला व्हिसा), गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये आहे, मी मागाहून आले. सुरुवातीला तात्पुरत्या फर्निश्ड फ्लॅटमध्ये होतो आणि कायमचं घर शोधताना अक्षरशः मेटाकुटीला आलो, कारण शूफा रेकॉर्ड (उधारी फेडल्याची नोंद) नाही, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा नाहीत, आधीच्या घरमालकाचं पत्र नाही, मग कोण घर देणार. शेवटी एसलिंगेनला एका आजींनी दिलं. तीन महिन्यांचं डिपॉझिट भरलं, वर आधीच्या भाडेकरूकडून त्याचं स्वयंपाकघर विकत घेतलं, कारण इथे घर म्हणजे नुसत्या भिंती, सिंकसुद्धा जाणारा माणूस काढून नेतो आणि छतातून दिव्यांच्या वायरी लोंबत असतात. आत्ता कुठे पडदे लागलेत, देवघराची जागा ठरलीय, मिसळणाचा डबा बघितला की हे आपलं घर आहे असं वाटायला लागलंय.

आणि आता नवऱ्याच्या कंपनीत कपात जाहीर झालीय. त्याचा प्रोबेत्साइटचा (नोकरीतल्या सुरुवातीच्या चाचणी काळाचा) पाचवा महिना चालू आहे, त्याच्यासोबत लागलेल्या दोघांना थांबायला सांगितलं. त्याने गुपचूप अर्ज केले होते, त्यातून उल्मच्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीची ऑफर आलीय. पगार वर्षाला ६२ हजार युरोंवरून ५७ वर येतो. तो म्हणतो घेऊ या आणि उल्मलाच शिफ्ट होऊ.

माझं म्हणाल तर मी स्ट्रक्चरल डिझायनर आहे, पुण्यात आरसीसीचं भरपूर काम केलंय, सध्या फोक्सहोखशुलेमध्ये (प्रौढ शिक्षण केंद्रात) जर्मनच्या बी१ पातळीचा क्लास चालू आहे आणि स्टुटगार्टमधल्या एका ऑफिसने पहिल्या इंटरव्ह्यूनंतर पुन्हा बोलावलंय. उल्मला गेलो तर क्लास, ओळखी, हे बोलावणं सगळं पुन्हा शून्यावर. घरचे म्हणतात त्याची नोकरी महत्त्वाची, तुझं काय होईल नंतर. त्याच्याशी भांडायचं नाहीये मला, तो बिचारा रात्र रात्र झोपत नाही. पण मनातून फार खट्टू झालेय. ब्लू कार्डवर वर्षाच्या आत नोकरी बदलता येते का, घराचं काय करायचं, आणि माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत, प्लीज सांगा.

डोनाउपलीकडे:
ताई, आधी व्हिसाचं सांगतो म्हणजे ती एक धास्ती तरी कमी होईल. बदलता येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये कायदा बदलला तेव्हापासून पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलायची असेल तर आउसलेंडरबेहोर्डेला (परदेशी लोकांच्या व्हिसाच्या कार्यालयाला) कळवायचं, ते ३० दिवसांपर्यंत बदल रोखून धरू शकतात आणि अटी बसत नसतील तर त्याच मुदतीत नकार देऊ शकतात. अटी म्हणजे काम डिग्रीला साजेसं हवं आणि पगार मर्यादेच्या वर हवा. २०२५ ची सर्वसाधारण मर्यादा ४८,३०० युरो होती, आयटीसारख्या माणसं कमी असलेल्या कामांना ४३,७५९.८०, दरवर्षी थोडी वाढते, ५७ हजार आरामात वर आहेत. कार्डासोबत जो हिरवा कागद मिळतो त्यावर काय छापलंय ते मात्र नीट वाचा, आणि नवीन करार सहीसकट हातात आल्याशिवाय जुनीकडे राजीनामा देऊ नका. राजीनामा कागदावर, पेनाने सही करून. ईमेलवर दिलेला इथे कायद्याने राजीनामाच होत नाही.

दुसरं, तारखा बघा. प्रोबेत्साइटमध्ये दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांची नोटीस असते, तो काळ संपला की बऱ्याच करारांत तीन महिने होते आणि मग उल्मवाले तेवढं थांबतील का हा प्रश्न. म्हणजे जे ठरवायचं ते सहावा महिना संपायच्या आत ठरवावं लागेल.

आणि मला कळलं नाही शिफ्ट का व्हायचंय. मी नॉय-उल्मला राहतो, म्हणजे नदीच्या पलीकडे, आमच्याकडे कितीतरी लोक रोज ये-जा करतात. एसलिंगेनहून उल्म रीजनल गाडीने तासाभराचं अंतर आहे आणि त्या गाडीला डॉइचलँडटिकट (देशभरचा मासिक पास) चालतं, आयसीईला म्हणजे जलद गाडीला चालत नाही एवढं लक्षात ठेवा. नवीन कंपनीतही पुन्हा सहा महिन्यांचा प्रोबेत्साइट असणार. तो संपेपर्यंत घर हलवणं मला अजिबात पटत नाही.

बेब्लिंगेनकर:
मी थोडं वेगळं म्हणणार आहे. कंपनी मोठी असेल, आयजी मेटाल या कामगार संघटनेचा टॅरिफ (सामूहिक पगार करार) लागू असेल तर ३५ तासांचा आठवडा, ठरलेली पगारवाढ, बेट्रीब्सराट (कामगार प्रतिनिधींचं मंडळ) हे सगळं सोडून लहान कंपनीत जाण्याआधी दहा वेळा विचार करावा. कपात जाहीर होते म्हणजे उद्या सगळे बाहेर असं नसतं, इथे बऱ्याचदा पैसे देऊन स्वेच्छेने जाणाऱ्यांना आधी सोडतात. सहा महिने पार झाले की नोकरीला कायद्याचं संरक्षण मिळतं, मग काढायला ठोस कारण द्यावं लागतं. एक महिन्याचाच प्रश्न आहे, दम धरा.

डोनाउपलीकडे:
@बेब्लिंगेनकर, संरक्षणाचं बरोबर आहे पण ते सहा महिने *पार* झाल्यावर. सोबतच्या दोघांना ऑलरेडी घालवलंय म्हणजे याच्या बाबतीतही कंपनी तो महिना संपायच्या आतच ठरवणार, कारण आत्ता कारण द्यायची गरज नाही. आणि समजा पार पडला, तरी पुढे कपात झाली तर कोणाला काढायचं ते नोकरीची वर्षं, वय, कुटुंबाची जबाबदारी यावर ठरतं, म्हणजे नवीन आणि तरुण माणूस रांगेत पहिला. त्यात बेकारभत्त्याला मागच्या ३० महिन्यांत १२ महिने वर्गणी भरलेली लागते, याची पाचच महिन्यांची आहे. काढलं तर हातात काही नाही, आणि नोकरी गेल्याचं दोन आठवड्यांत आउसलेंडरबेहोर्डेला कळवावं लागतं ते वेगळंच. पाच हजार कमी मिळाले तरी मी उल्म घेईन.

बेब्लिंगेनकर:
वर्गणीचा मुद्दा मान्य. मला वाटलं वर्ष होत आलंय.

तुळई:
नेकारकाठ, तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. मी पण स्ट्रक्चरलवालीच, कोल्हापूरची, इथे एका श्टाटिक ब्युरोमध्ये (इमारतींची स्ट्रक्चरल गणितं करणाऱ्या ऑफिसात) काम करते. तुला सांगते, दुसऱ्या इंटरव्ह्यूला बोलावलंय ना, ती फार मोठी गोष्ट आहे, ती कुठल्याही कारणाने सोडू नकोस. इथली लहान ऑफिसं पहिल्या भेटीत भाषा आणि माणूस बघतात, दुसऱ्यांदा बोलावतात तेव्हा त्यांना काम द्यायचं असतं.

व्हिसाची काळजी तुला नाही. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराच्या कार्डावर कुठलीही नोकरी करायला मुभा असं लिहिलेलं असतं, तुझ्या पगाराला मर्यादा नाही की वेगळी परवानगी नाही. डिग्रीचं अनाबिनवर (परदेशी डिग्र्यांच्या ऑनलाइन यादीत) बघून ठेव, नसेल केलं तर झेडएबी या डिग्र्या तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून डिग्रीचं तुलनापत्र काढ, २०८ युरो फी आहे. इंजिनियर ही पदवी नावापुढे लावायला त्या त्या राज्यात मान्यता लागते, पण ऑफिसात नोकरी करायला ती लागत नाही, या दोन गोष्टींत लोक फार गोंधळ घालतात आणि उगाच घाबरून घरी बसतात.

कामाचं म्हणशील तर युरोपच्या बांधकाम कोडपैकी युरोकोड २ म्हणजे काँक्रीट आणि युरोकोड १ म्हणजे लोड्स एवढं आत्ता धर. पुण्यात बर्फाचा भार कधी काढला नसशील, इथे प्रत्येक छपराला लागतो, इंटरव्ह्यूला हमखास विचारतील. सॉफ्टवेअर म्हणशील तर ड्लुबाल आरएफईएम नाहीतर सोफिस्टिक चालतं सगळीकडे, ईटॅब्सवर हात बसलेला असेल तर जड जाणार नाही. आणि भूकंपाचं तुझं काम लपवू नकोस! आयएस १८९३ वर (आपल्याकडच्या भूकंपाच्या कोडवर) काम केलंय हे ठळक सांग. जर्मनीत बहुतेक ठिकाणी भूकंप बघावाच लागत नाही, म्हणून इथल्या पुष्कळ इंजिनियरांना त्याची सवय नसते, पण आपल्या या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात बघावा लागतो. आल्बश्टाटला ३ सप्टेंबर १९७८ ला ५.७ चा झाला होता, घरांचं बरंच नुकसान झालं होतं, तो पट्टा तुझ्या ऑफिसपासून लांब नाही.

आणि हे शहर आपल्या धंद्याचं तीर्थ आहे गं. १९५६ चा टीव्ही टॉवर इंजिनियर फ्रिट्झ लिओनहार्ट यांचा, काँक्रीटचा तसला जगातला पहिलाच. तंबूसारख्या हलक्या छपरांसाठी प्रसिद्ध आर्किटेक्ट फ्राय ओटो इथल्या विद्यापीठात शिकवायचे. कोलकात्याचा विद्यासागर सेतू इथल्याच योर्ग श्लाइश यांच्या ऑफिसने डिझाइन केलेला. या गावात बोलावणं आलंय आणि तू नवऱ्याच्या नोकरीच्या मागे सामान बांधायचं म्हणतेस, मला खरंच वाईट वाटलं. "तुझं काय होईल नंतर" हे घरच्यांचं वाक्य मी पण ऐकलंय. नंतर काही होत नाही, सीव्हीवरची रिकामी वर्षं मात्र वाढतात.

पैशांचंच बोलायचं तर तुझा पगार सुरू झाला की त्याचे गेलेले पाच हजार कुठल्या कुठे भरून निघतात. हे त्याला आकड्यांत दाखव, भावनेत नको. तो आत्ता एकट्याच्या खांद्यावर सगळं घेऊन बसलाय म्हणून झोपत नसेल.

नेकारकाठ:
तुळई ताई, डोळ्यांत पाणी आलं वाचताना. बर्फाचं खरंच डोक्यात नव्हतं, आजच बसते. भूकंपाची गणितं मी पुण्यात रोज करायचे आणि सीव्हीत एका ओळीत गुंडाळली होती.

घराचा करार आज पुन्हा वाचला, म्हणजे डिक्शनरी घेऊन. त्यात एक कलम आहे की दोन्ही बाजूंनी पहिलं एक वर्ष नोटीस देता येणार नाही. म्हणजे आम्ही अडकलो का? नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण म्हणाला तीन नवीन भाडेकरू शोधून दिले की मालकाला सोडावंच लागतं, खरं आहे का?

खिडकी उघडा:
नाही. ते तीन भाडेकरूंचं सगळीकडे सांगतात पण तसा हक्क नाहीये. मालकाने मानलं तर मानलं, आणि आजी चांगल्या असतील तर बोलून बघता येतं, पण धरून चालू नका. नोटीस बंद ठेवण्याचं कलम साधारण चार वर्षांपर्यंत चालतं, तुमचं एकच वर्षाचं आहे. ते संपलं की तुमच्याकडून नेहमीची तीन महिन्यांची नोटीस, महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पडली तर तो महिना धरला जातो, आणि ही पण कागदावर, दोघांच्या सह्यांनी, करार दोघांच्या नावावर असेल तर. खात्री हवी असेल तर मीटरफेराइनचं (भाडेकरू संघटनेचं) सभासद व्हा, वर्षाची वर्गणी फार नसते आणि वकील करार वाचून देतो.

डिपॉझिट एकदम भरलंत का? तीन समान हप्त्यांत देता येतं, पुढच्या वेळी लक्षात असू दे. आणि ते स्वयंपाकघर विकत घेतल्याचा कागद केला असेल तर जपून ठेवा, जाताना पुढच्याला विकता येतं. आपला स्वयंपाक फोडणीचा, वाफेचा, तेव्हा दिवसातून दोनतीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या, हिवाळ्यात सुद्धा. कोपऱ्यात बुरशी धरली तर डिपॉझिटवरून वाद तिथेच सुरू होतो. केअरवोखेची (जिना झाडण्याच्या पाळीची) पाटी दारावर लागली की त्या आठवड्यात जिना नक्की पुसा, श्वाबेन भागात शेजारी तेवढ्यावरून माणूस पारखतात. माझी सगळी बोलीभाषा जिना पुसतानाच झालीय, वरच्या मजल्यावरच्या काकू थांबून बोलायच्या.

तुळई:
अजून एक राहिलं. तू नोकरी धरलीस की श्टोयरक्लासे (पगारावरच्या कराचा वर्ग) बघा. आत्ता तुम्ही ३ आणि ५ वर असाल. दोघं कमवायला लागलात आणि पगार जवळपास आले तर ४ आणि ४ करा, एल्स्टर या कराच्या पोर्टलवरून होतं. ५ मध्ये तुझा हातातला पगार कमी दिसतो आणि पुढे बेकारभत्ता किंवा एल्टर्नगेल्ड (मूल झाल्यावरचा भत्ता) हे त्या हातातल्या पगारावरच मोजतात, म्हणजे नुकसान तुझं एकटीचं होतं. हे कोणी आपणहून सांगत नाही.

नेकारकाठ:
काल रात्री दोघं बसलो, कागदावर आकडे मांडले. तो उल्मला हो म्हणतोय, घर एसलिंगेनलाच. डोनाउपलीकडे, आठवड्यातून किती दिवस घरून काम मागणं रास्त असतं तिकडे? त्याला विचारायला संकोच वाटतोय, ऑफर काढून घेतील म्हणून.

डोनाउपलीकडे:
दोन दिवस बिनधास्त मागा, सॉफ्टवेअरवाल्यांना देतात, त्यासाठी ऑफर काढून घेतलेली मी तरी ऐकली नाही. फक्त तोंडी नको, करारात किंवा निदान एचआरच्या मेलमध्ये लिहून घ्या, कारण मॅनेजर बदलला की तोंडी बोललेलं कोणी धरत नाही. हार्डवेअर टेस्टिंग असेल तर लॅबमध्ये जावं लागेल, तेव्हा कुठले दिवस ते आधीच विचारून घ्या आणि पहिले दोनतीन आठवडे रोज जायची तयारी ठेवा. सकाळच्या गाड्या सुटायच्या वेळा बघून कामावर यायची वेळ सांगा, आमच्याकडे साडेनऊला येणारे बरेच आहेत.

तुळई:
इंटरव्ह्यू कधी आहे? जुन्या कामाची दोन ड्रॉइंग्ज, क्लायंटचं नाव झाकून, प्रिंट काढून ने. जर्मन अडलं तर ड्रॉइंगवर बोट ठेवून बोल, मी तशीच बोलले होते. मेसेज कर, युरोकोड १ मधला बर्फाचा भाग एकदा फोनवर करून घेऊ.

नेकारकाठ:
पुढच्या गुरुवारी. करते मेसेज, आणि ड्रॉइंग्ज आजच शोधते.