मदत हवी आहे: इतिहास + जादू + प्रेम, पण शेवटी दोघं जिवंत हवीत

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात डायना गॅबल्डनचं 'आउटलँडर' संपवलं आणि तेव्हापासून दुसरं काही हातात टिकत नाहीये. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: १९४५ साली युद्धावरून परतलेली एक नर्स नवऱ्याबरोबर स्कॉटलंडला फिरायला जाते, उभ्या दगडांच्या रिंगणात शिरते आणि निघते ती थेट १७४३ मध्ये. तिथे तिचं दुसरं लग्न होतं. पहिला नवरा अजून जन्मालाच यायचाय, त्यामुळे याला व्यभिचार म्हणावं की नाही हे तिलाही ठरवता येत नाही. मला मजा आली ती वेगळ्याच गोष्टींत. जखमेवर काय बांधतात, गढीत झोपायचं कुठे, कुठली मुळी कशावर चालते. बाईला नर्सिंग येतं म्हणून त्या काळात ती तगते. (शेवटच्या भागात छळाचे प्रसंग फार अंगावर येतात, जपून वाचा.) मालिकेचा नववा भाग २०२१ मध्ये आलाय, पण प्रत्येक ठोकळा उशीएवढा. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून ते जमत नाही.

आता अडचण. आमच्या घरी आईचं कपाट ऐतिहासिक कादंबऱ्यांनी भरलेलं आहे. 'स्वामी' मी दहावीच्या सुट्टीत वाचली. माधवराव-रमाबाईंचा संसार आवडला म्हणेपर्यंत थेऊरला माधवरावांचं मरण आलं आणि रमाबाई सती. मग 'राऊ'. बाजीराव गेला रावेरखेडीला, मस्तानी पाबळला. आईला म्हटलं, एखादी अशी दे ज्यात दोघं म्हातारी होतात. ती म्हणाली, "इतिहासात कुणाचं भलं झालंय गं?"

तर मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल. काळ खरा वाटला पाहिजे, थोडी जादू हवी, प्रेम तोंडी लावण्यापुरतं नको आणि शेवट गोड. नुसत्या राजवाड्यातल्या कारस्थानांचा कंटाळा आलाय.

बदल्यात माझ्याकडून एक: नाओमी नोविकचं 'स्पिनिंग सिल्व्हर' (२०१८). सावकाराची मुलगी. बापाला वसुली जमत नाही म्हणून ती स्वतः दारोदार जाते, आणि इतकी तरबेज होते की चांदीचं सोनं करते अशी ख्याती हिमराजाच्या कानावर जाते. तो खरंच चांदी घेऊन दारात उभा राहतो. हिशेबात पक्की नायिका मी पहिल्यांदाच वाचली.

घाटमाथा
'चंद्रकांता' वाचली नसेल तर आजच सुरू करा. देवकीनंदन खत्री, १८८८. दूरदर्शनवरची मालिका विसरून जा, पुस्तक फार वेगळं आहे. नौगढचा राजकुमार, विजयगढची राजकुमारी, मध्ये एक तिलिस्म, म्हणजे जादूची वाटणारी भूलभुलैयाची वास्तू. पण खरे नायक ऐयार, म्हणजे राजांचे बहुरूपी हेर. वेष बदलणार, बेहोशीची पूड हुंगवून माणसाला गाठोड्यात बांधून पळवणार, मग लखलखा हुंगवून शुद्धीवर आणणार. ऐयाराला जिवे मारायचं नाही, कैद करायचं, असा त्यांच्यात दंडकच. शेवट लग्नात होतो, निश्चिंत असा. फक्त जादू म्हणाल तर ती नाही. तिलिस्मातली सगळी करामत कळा आणि यंत्रांची निघते.

जुनाबाजार
मराठीतही आहे की! नाथमाधवांचं 'वीरधवल' आहे, गो. ना. दातारशास्त्री आहेत. दातारांचं बरंचसं इंग्रज लेखक रेनॉल्ड्सवर बेतलेलं, पण इतकं आपलंसं केलेलं की कळत नाही. 'कालिकामूर्ती'ने सुरुवात करा. भुयारं, गुप्त दरवाजे, बुरखेधारी, सगळा ऐवज आहे. भाषा जुनी आहे, पहिली तीस पानं दम धरा. ह. ना. आपट्यांचं 'वज्राघात' मात्र तुम्हाला नको: विजयनगरचा रामराजा आणि मेहरजान, प्रेम जबरदस्त, पण पुढे विजयनगर बुडवणारी तालिकोटची लढाई आहे.

कंदील
मला धाग्याची मागणीच पटत नाही. 'स्वामी'तल्या रमाबाईंनी म्हातारं व्हायचं म्हणजे लेखकाने १७७२ सालचं मरण पुसायचं का? गोड शेवट हवा तर काल्पनिक राज्य घ्या. म्हणूनच ताशा सुरीचं 'एम्पायर ऑफ सँड' (२०१८) सुचवते. साम्राज्य मुघलांसारखं दिसतं पण मुघल नाही, त्यामुळे लेखिकेचे हात मोकळे. सुभेदाराची मुलगी मेहर, आईकडून आलेलं रक्त आणि नृत्याचे विधी हीच तिची ताकद. लग्न जबरदस्तीचं, नवराही तिच्याइतकाच अडकलेला. दोघांत विश्वास तयार व्हायला अर्धं पुस्तक जातं, आणि तेच वाचण्यासारखं आहे. घाई असेल तर हात लावू नका.

घाटमाथा
@कंदील, लेखकाने पुसायचं कशाला, थोडं अलीकडे थांबायचं! 'आउटलँडर'चा पहिला भाग १७४४ लाच थांबतो, स्कॉटिश बंडाचा चुराडा झाला ती कलोडनची लढाई १७४६ ची. वाचकाला पुढचं माहीत असतं, पण पुस्तकापुरती दोघं सुखात.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. @कंदील, मुद्दा मान्य. माझी तक्रार मरणाबद्दल कमी आणि अशी जास्त की 'स्वामी'त ती दोघं एका खोलीत भेटतात तीच मुळी तीनशे पानांत चार वेळा. बाकी दरबार. रमाबाईंचा नुसता सोमवार ते रविवार कुणी लिहिला असता तर त्या सती गेलेलंही मी सोसलं असतं.

'चंद्रकांता' मोबाईलवर सुरू केली, दोन दिवसांत पहिला हिस्सा संपला. हिंदी सोपी आहे, फक्त कोण कुणाच्या वेषात आहे हे कागदावर लिहून ठेवावं लागतंय. 'वीरधवल' वाचनालयातून आणलं ते आईने बळकावलं.

आता एक नवीन घोळ. 'एम्पायर ऑफ सँड' समजून मी त्याच लेखिकेचं 'रेल्म ऑफ ॲश' विकत घेऊन बसले. त्यात मेहरची बहीण आहे म्हणे. आधी ते वाचलं तर पहिल्याची मजा जाते का? परत करायला उद्यापर्यंतच मुदत आहे, कुणीतरी पटकन सांगा.