तीन वर्षांच्या मुलीसाठी छोट्या भागांचं कार्टून सुचवा

शाहूपुरीची आई:
लेक दिवाळीत तीन वर्षांची होईल. संध्याकाळी माझ्या भाकरी होईपर्यंत तिला टीव्हीवर काहीतरी लावून द्यायचंय. मोबाईलवर एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू होतं, बंद केलं की रडारड. पाच-सात मिनिटांत गोष्ट पुरी होईल असं काही आहे का? घरात सगळे मराठीच बोलतो, हिंदी-इंग्रजी तिला कळत नाही.

राजारामपुरीकर:
ताई, डोळे झाकून 'पिंगू' लावा. मातीच्या बाहुल्या जराजरा हलवून केलेली स्विस मालिका, १९९० पासूनची. भाग पाचेक मिनिटांचा. त्यातल्या पेंग्विनची बोली जगातली कुठलीच भाषा नाही, त्यामुळं कुणाचंच अडत नाही. आधीच्या भागांत सगळे आवाज कार्लो बोनोमी या एकट्या इटालियन कलाकाराचे आहेत. हट्ट, रुसवा, आईचं रागावणं, सगळं आवाजावरनंच कळतं. आमचा पोरगा बघता बघता आम्हाला मराठीत गोष्ट सांगत बसतो. मला तेच लई आवडतं.
'शॉन द शीप' पण बिनशब्दांचं, सात मिनिटांचं. पण त्यातल्या गमती भराभर जातात, लेक चार वर्षांची झाल्यावर बरं.

दोन लेकरांची मावशी:
'ब्लुई' हे इंग्रजी कार्टून अजून नको. मालिका फार गोड आहे, आई-बाबा पोरांशी मनापासून खेळतात, पण सगळी मजा बोलण्यात. इंग्रजी कळायला लागलं की नक्की दाखवा.
आणि पुढचा भाग आपोआप लागायची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. निम्मी रडारड त्यानं होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितलाय, कमी असेल तर आणखी चांगलं. दोन भाग ठरवा, तिलाच बटण दाबू द्या.

इचलकरंजीकर:
चेक चित्रकार झ्देनेक मिलर यांचा छोटा मोल (जमिनीत बिळं करणारा चिचुंद्रीसारखा प्राणी), 'क्रतेक', कुणी सांगितला नाही? पहिली फिल्म १९५७ ची. मोलला खिशाची विजार हवी असते, आणि जवसाच्या रोपापासनं कापड कसं होतं ते सगळं त्यात येतं. कोळी सूत काढतात, मुंग्या विणतात. घरोघरी माग असलेल्या आमच्या गावात पोरं ते टक लावून बघतात. या पहिल्या फिल्ममध्ये संवाद आहेत, तेवढी तुम्ही शेजारी बसून मराठीत सांगा. पुढच्या बहुतेक फिल्म बिनशब्दांच्या, मोलचं हसणं-हुंकारणं मिलर यांच्या मुलींच्या आवाजातलं.

शाहूपुरीची आई:
आज 'पिंगू' लावते, दोनच भाग. विजारीची फिल्म रविवारी, तिच्या बाबांना शेजारी बसवून.